जुनं लाकडी डायनिंग टेबल घेताना: आधी खाली वाका, मग वरून बघा

जुनं टेबल बघायला गेल्यावर बहुतेकांची नजर वरच्या फळीवर खिळते. ओरखडे, ग्लासाचे पांढरे गोल, उडालेलं पॉलिश हे सगळं दिसायला भयंकर असतं, पण थोडी मेहनत घेतली की निस्तरतं. टेबल पुढची वीस वर्षं टिकणार की दोन वर्षांत डुगडुगायला लागणार, हे फळीच्या खाली कळतं. पाय फळीखालच्या चौकटीला कसे जोडलेत, फळी चौकटीवर कशी बसवलीय आणि मूळ लाकूड काय आहे, एवढ्या तीन गोष्टी नीट बघितल्या तर फसगत सहसा होत नाही.

घरात लहान मुलं असतील तर वापरून मुरलेलं टेबल नव्यापेक्षा बरंच. नव्या गुळगुळीत फळीवर पहिली पेन्सिल रोवली गेली की घरभर आरडाओरडा होतो. जुन्या फळीवर ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

१. आधी खोलीचं माप, मग टेबलाचं

टेबल बघायला जाण्याआधी खोली मोजा. टेबलाच्या कडेपासून भिंत किंवा कपाट ३६ इंच लांब हवं, म्हणजे कुणी बसलेलं असताना मागून दुसऱ्याला जाता येतं. जी बाजू नुसती बसायची आहे, ये-जा नाही, तिथे ३० इंचांत भागतं. त्याहून कमी असेल तर खुर्ची मागे ओढून उठताना रोज भिंतीला धडक.

माणशी २४ इंच रुंदी धरा. चौघांसाठी साधारण ४ फूट बाय अडीच फूट पुरतं, सहा जणांसाठी साडेपाच ते ६ फूट बाय ३ फूट. रुंदी ३० इंचांपेक्षा कमी असली की समोरासमोरची ताटं एकमेकांना भिडतात आणि मधे भांडी ठेवायला जागाच उरत नाही. गोल टेबल चौघांना साडेतीन फूट व्यासाचं चालतं, सहा जणांना पावणेपाच-पाच फूट तरी हवं.

इथे एक हमखास चूक होते. लोक फळीची लांबी मोजतात आणि दोन पायांमधलं अंतर मोजायला विसरतात. ५ फुटी टेबलाचे पाय जाड आणि थोडे आत घेतलेले असतील तर मधे मोकळी जागा साडेचार फूट किंवा त्याहून कमी उरते. तिथे दोन खुर्च्या ऐसपैस बसतात, तिसरी काही केल्या जात नाही. म्हणून टेप पायांच्या आतल्या बाजूला लावा.

उंचीही दोनदा मोजायची. जमिनीपासून फळीच्या वरच्या कडेपर्यंत २९ ते ३० इंच असावी. शिवाय जमिनीपासून फळीखालच्या चौकटीच्या खालच्या कडेपर्यंत किमान २४-२५ इंच मोकळे हवेत, नाहीतर मांड्या अडकतात. खुर्चीची बैठक १७-१८ इंचांवर असते आणि बैठक ते फळी हे अंतर ११-१२ इंच असलं की हात आरामात टेकतात. हातवाल्या खुर्च्या असतील तर त्यांचे हात चौकटीखाली जातात का, तेही बघून ठेवा.

शेवटी दार, जिना आणि लिफ्ट. पाय निघत असतील तर काळजी नाही. निघत नसतील तर टेबल आडवं करून दारातून नेताना उंची (३० इंच) अधिक थोडी हाताची जागा लागते, आणि जिन्याच्या वळणावर लांबी आडवी येते. ही दोन्ही मापं फोनमध्ये लिहून ठेवा.

२. बघायला जाताना सोबत काय न्यावं

- मोजायचा टेप
- टॉर्च. फोनचा चालतो, पण खाली वाकून दोन्ही हात वापरायचे असतात
- टेबलाच्या लांबीहून मोठा मजबूत दोरा
- जाड पुठ्ठ्याचे दोन-चार तुकडे
- कापूस, थोडं स्पिरिट, पाण्याची छोटी बाटली
- काळा कागद किंवा काळं फडकं
- छोटा स्क्रूड्रायव्हर
- सतरंजी किंवा जुनी चादर, कारण जमिनीवर पाठ टेकायची आहे

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की टेबलावरचं सामान काढून ठेवा आणि टेबल भिंतीपासून लांब असू द्या. टेबलक्लॉथ घातलेलं टेबल क्लॉथ न काढता कधीही ठरवू नका.

३. भरीव लाकूड आहे की वरचा मुलामा

"एकदम जड आहे, म्हणजे सॉलिड वूड" हा युक्तिवाद सगळीकडे ऐकू येतो, आणि तो चुकीचा आहे. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेला बोर्ड) वजनाला सागवानाइतकंच, कधी कधी त्याहून जड असतं. वजनावरून काही ठरत नाही, रेषांवरून ठरतं.

फळीच्या रुंदीकडच्या टोकाला बसा आणि कडेकडे बघा. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून वळून लाकडाच्या आडव्या छेदात, म्हणजे वर्षकड्यांच्या कमानींत, मिसळताना दिसल्या तर लाकूड भरीव. वर लांब रेषा आणि कडेलाही तशाच लांब रेषा दिसल्या तर कडेला पट्टी चिकटवलेली आहे, आतलं काय ते खालून बघायचं. फळीचा खालचा भाग बघा. वर जिथे मोठी गाठ आहे, तिथेच खालीही तिची खूण असायला हवी. पातळ फळीत ती जवळपास आरपार उतरते. वरची नक्षी दर फूट-दीड फुटाला हुबेहूब परत येत असेल तर ते व्हिनियर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, किंवा नुसता छापील कागद.

जुनं गोल टेबल असेल तर आणखी एक सोपी परीक्षा. व्यास दोनदा मोजा, एकदा रेषांच्या दिशेने आणि एकदा त्यांना काटकोनात. लाकूड वर्षानुवर्षं रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे जुनी भरीव गोल फळी अगदी वर्तुळाकार उरत नाही, दोन मापांत काही मिलिमीटरचा फरक पडतो.

व्हिनियर म्हणजे वाईट असं मात्र नाही. चांगल्या प्लायवूडवर किंवा भरीव लाकडावर लावलेलं व्हिनियर कमी वाकतं आणि उत्तम टिकतं. फक्त त्याची मर्यादा ओळखा: हल्लीचं व्हिनियर बहुतेक वेळा अर्धा-पाऊण मिलिमीटरच जाड असतं, त्यामुळे मशीनने घासून नव्याने पॉलिश करायचा विचार असेल तर ते सोडा, घासता घासता आतला थर वर येतो. आणि आत पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेला) किंवा एमडीएफ असेल तर कडा आणि पायांचे जोड बोटांनी चाचपा. पाणी पिऊन एकदा फुगलेला बोर्ड परत बसत नाही, त्यातले स्क्रूही धरत नाहीत. असं टेबल फुकट मिळालं तरी रोजच्या वापराला घेऊ नये.

४. हलवून बघा, पण नीट हलवा

टेबल डुगडुगतंय म्हणजे सांधे गेले, असं लगेच समजू नका, जमीन उंचसखल असू शकते. आधी ज्या पायाखाली फट आहे तिथे पुठ्ठा सरकवून चारही पाय टेकवा. मग एका टोकाला उभं राहून फळीच्या दोन्ही कोपऱ्यांवर हात ठेवा आणि लांबीच्या दिशेने हलकंच पुढे-मागे ढकला, नंतर रुंदीच्या दिशेने. पुठ्ठा लावूनही वरचा भाग हलत असेल तर सांधा सैल आहे. दुसऱ्या कुणाला ढकलायला सांगून तुम्ही खाली झोपा. पाय आणि चौकट यांच्यामध्ये बारीक रेघ उघडते-मिटते ती नेमकी कुठल्या कोपऱ्यात, हे दिसतं.

आता तो कोपरा टॉर्चने बघा. साधारण तीन प्रकार भेटतात:

चौकटीच्या पट्टीचं टोक पायात कोरलेल्या खाचेत घुसवलेलं असतं. हा सगळ्यात भक्कम प्रकार. सैल झाला असेल तर नुसता गोंद सुटलेला असतो, सुतार तो उघडून पुन्हा चिकटवू शकतो.

कोपऱ्यात तिरपा लाकडी ठोकळा किंवा लोखंडी पट्टी असते आणि तिच्यातून बोल्ट पायात जातो. पाय काढता यावेत म्हणून ही रचना असते. बहुतेक वेळा नट आवळला की काम होतं. मात्र ठोकळाच चिरलेला असेल, किंवा नट आवळताना बोल्ट पायात नुसता फिरत असेल, तर पायातलं लाकूड झिजलंय. दुरुस्ती होते, पण खर्च धरा.

तिसरा प्रकार म्हणजे पाय थेट फळीला स्क्रूने लावलेले, चौकट नाहीच. लहान टेबलाला चालेल, सहा जणांच्या टेबलाला नाही.

सांध्यावर बाहेरून ठोकलेले खिळे किंवा एल आकाराच्या लोखंडी पट्ट्या दिसल्या तर सावध व्हा. कुणीतरी गोंदाचं काम खिळ्यांनी भागवलंय. खिळ्याने लाकूड फाटतं आणि नंतर तो सांधा नीट उघडताही येत नाही.

५. फळी: वाक, पीळ आणि भेगा

दोरा लांबीच्या दोन टोकांवर ताणून धरा आणि मधे किती फट पडते ते बघा. मग रुंदीवर, मग दोन्ही कर्णांवर. दोन-तीन मिलिमीटरचा वाक वापरताना जाणवत नाही. सहा-सात मिलिमीटरच्या पुढे गेला की ताटं डोलतात. कर्णांवर दोरा एका बाजूला फळीला टेकतोय आणि दुसऱ्या कर्णावर मधोमध तरंगतोय, तर फळीला पीळ आहे. पीळ काढणं सगळ्यात कटकटीचं, रंधा मारून सपाट करायला बरंच लाकूड घालवावं लागतं.

भेगांबद्दल मात्र थोडं थांबून समजून घ्या, कारण इथेच चांगली टेबलं नाकारली जातात आणि वाईट दुरुस्त्या केल्या जातात.

लाकूड हवेतला ओलावा शोषतं आणि सोडतं, त्यामुळे रुंदीत फुगतं आणि आकसतं. ३ फूट रुंदीची भरीव फळी दमट आणि कोरड्या दिवसांत मिळून ५ ते १० मिलिमीटर हलू शकते. साग कमी हलतो, ओक आणि बीच जास्त. चांगला कारागीर फळी चौकटीवर अशी बसवतो की तिला या हालचालीला वाव राहील: लांबट भोकातून स्क्रू, किंवा चौकटीच्या खाचेत सरकणारे छोटे लाकडी ठोकळे. खाली झोपलात की हे लगेच दिसतं. फळी चारही बाजूंनी गच्च स्क्रू मारून किंवा गोंदाने चिकटवून बसवली असेल, तर कोरड्या हवेत तिला आकसायला जागा मिळत नाही आणि ती सर्वांत कमकुवत जागी, बहुधा दोन फळ्यांच्या जोडावर, फाटते.

म्हणून भेग दिसली की आधी खाली बघा. स्क्रू गच्च असतील तर कारण सापडलं. ते सैल करून भोकं रुंदीच्या दिशेने लांबट करायची आणि स्क्रूखाली वॉशर द्यायचा. त्यानंतरच भेग चिकटवायची. हे न करता भेगेत कडक पुट्टी भरली तर दमट दिवसांत फळी फुगते, पुट्टी दबत नाही, आणि फळी वाकते नाहीतर शेजारी नवी भेग पडते. पुट्टी भरलेली जुनी भेग आणि तिच्या बाजूला समांतर ताजी भेग दिसली तर हेच घडलंय असं समजा.

काही टेबलांच्या दोन्ही टोकांना आडवी पट्टी असते. ती पट्टी फळीच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर बाहेर आलेली किंवा आत राहिलेली असते. तो दोष नाही. फळी हलतेय, पट्टी हलत नाही, एवढंच. उलट ते भरीव लाकडाचं लक्षण आहे.

६. कीड

लाकडात एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली तर किडा कधीतरी बाहेर पडलाय. तो जुना की अजून आत आहेत, हा खरा प्रश्न. टेबलाखाली काळा कागद ठेवा आणि पायांवर, चौकटीवर मुठीने ठोका. फिकट रंगाचा ताजा भुसा पडला, किंवा भोकाच्या आतली कड स्वच्छ आणि उजळ दिसली, तर कीड जिवंत असण्याची शक्यता मोठी. भोकं काळवंडलेली, धूळ भरलेली असतील तर बहुधा जुनं प्रकरण. सालीकडचं फिकट लाकूड आधी पोखरलं जातं, म्हणून चौकटीच्या आतल्या बाजू आणि पायांचे मागचे कोपरे नक्की बघा. तिथेच कारागीर फिकट लाकूड लपवतो.

वाळवी वेगळी. तिच्या मातीच्या नळ्या पायांच्या तळाशी दिसतात आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो. टोक दाबल्यावर आत जात असेल तर टेबल सोडा. किडीचं औषध पॉलिशवरून मारून उपयोग नाही, ते लाकडात उतरतच नाही. उघड्या लाकडावर लावावं लागतं. जिवंत कीड असलेलं टेबल "घरी नेऊन औषध मारू" म्हणून आणू नका, घरातल्या इतर लाकडाचाही प्रश्न आहे.

७. पॉलिश ओळखणं

चाचणी नेहमी न दिसणाऱ्या जागी, आणि विक्रेत्याची परवानगी घेऊन. पाण्याचा थेंब ठेवून पाच मिनिटं थांबा. तो जिरला आणि लाकूड गडद झालं तर वर फक्त तेल किंवा मेण आहे, किंवा पॉलिश झिजून गेलंय. कापसाला स्पिरिट लावून हलकं दाबा. पृष्ठभाग चिकट झाला तर लाखेचं फ्रेंच पॉलिश. काहीच झालं नाही तर लॅकर, पीयू (पॉलियुरेथेन) वगैरे.

याचा रोजच्या वापराशी संबंध असा: फ्रेंच पॉलिश सुंदर दिसतं पण गरम भांडं आणि ओला ग्लास दोन्ही सहन करत नाही. त्याची दुरुस्ती मात्र सोपी. पीयू कणखर असतं, पण सोलायला लागलं की डागडुजी होत नाही, सगळं काढावं लागतं. तेल लावलेली फळी सर्वांत साधी, डाग पडला की तेवढीच जागा घासून पुन्हा तेल लावा.

डागाचा रंगही बोलतो. पांढरा गोल म्हणजे ओलावा पॉलिशच्या थरात अडकलाय, लाकूड सुरक्षित. काळा डाग म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोहोचलंय, बऱ्याचदा सोबत लोखंडाचा स्पर्शही. तो काढायला पॉलिश उतरवून ऑक्झॅलिक ॲसिड लावावं लागतं. ते विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा घालूनच, मुलं घरात नसताना.

टेबलावर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ मुलांसाठी घातक असते.

८. वाढवता येणारं टेबल असेल तर

सगळं उघडायला लावा, जादा फळी बसवायला लावा. "फळी आहे, माळ्यावर ठेवलीय" यावर विसंबू नका. ती वर्षानुवर्षं अंधारात राहिल्यामुळे तिचा रंग बाकीच्या फळीपेक्षा वेगळा असतो, ते चालतं. चालत नाही ते हे: खुंट्या भोकांत न बसणं, उघडल्यावर मधोमध झोळ पडणं, सरकणाऱ्या पट्ट्या अडणं. पट्ट्या नुसत्या अडत असतील तर मेण चोळून सुटतात, वाकल्या असतील तर नाही.

९. मुलं असलेल्या घरासाठी

मधे एकच खांब असलेल्या टेबलाच्या कडेवर दोन्ही हातांनी भार देऊन बघा. उलटी बाजू उचलली गेली तर मुलं लोंबकळल्यावर ते आडवं होणार. फळीला अडकवायची बाळखुर्ची अशा एकखांबी, काचेच्या किंवा सुट्या फळीच्या टेबलाला लावूच नये. चार पायांच्या टेबलालाही फळीची जाडी आणि चौकटीची खोली त्या खुर्चीच्या माहितीपत्रकाशी जुळवून घ्या.

टोकदार कोपरे ही अडचण नाही, भरीव लाकूड असेल तर सुतार ते गोल करून देतो. फळीतल्या खोल खाचा आणि उघडे जोड मात्र टाळा. त्यात अडकलेलं खरकटं टोकरण्यात रोजची पाच मिनिटं जातात.

१०. घरी आणताना आणि आणल्यावर

उचलताना चौकटीला धरा, फळीला नाही. ६ बाय ३ फुटांची, एक इंच जाडीची सागाची नुसती फळी २५ ते ३० किलो भरते, त्यामुळे दोन माणसं लागतातच. गाडीत फळी खाली आणि पाय वर, मधे चादर. जमिनीवरून ओढू नका, एकाच ओढण्यात पायाचा सांधा सुटू शकतो. बोल्ट काढले तर त्यांची पिशवी चौकटीलाच चिकटवा, आणि प्रत्येक पायावर व त्याच्या कोपऱ्यावर सारखा आकडा लिहा. जुन्या टेबलाचे पाय आपापल्याच कोपऱ्यात नीट बसतात.

आल्या आल्या दुरुस्ती काढू नका. दोन-तीन आठवडे त्या खोलीच्या हवेत राहू द्या. एसीचा झोत, हीटर आणि थेट ऊन यांपासून लांब. या काळात काही भेगा आपोआप मिटतात, काही थोड्या उघडतात. मग ठरवा.

सैल सांधा चिकटवताना जुना गोंद पूर्ण खरवडून काढा. नवा पांढरा गोंद जुन्यावर धरत नाही, आणि दुरुस्ती फसण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे. क्लँप लावून २४ तास हात लावू नका.

फळी घासायची असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरू करून १८० आणि २२० पर्यंत, नेहमी रेषांच्या दिशेने, मास्क लावून. पीयू लावलंत तर हाताला कोरडं लागलं म्हणून लगेच टेबलक्लॉथ घालू नका, पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे लागू शकतात. तेल लावलंत तर पंधरा-वीस मिनिटांनी जादाचं पुसून घ्या, नाहीतर चिकट थर राहतो. आणि जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाहेर एकेक पसरून कडक वाळू द्या किंवा पाण्यात बुडवून ठेवा, मग टाका.